भाड्याच्या घराची यादी
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात परंडा येथे दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने कायद्याच्या एखाद्या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला केली, तेव्हा वारसाहक्क, मृत्युपत्र, वाटणी असे अनेक भारदस्त विषय डोळ्यांपुढे आले. परंतु काल सायंकाळी येथे पोहोचल्यावर भांडारगृहात चिटणीसांच्या हाती ज्ञातीच्या भांड्यांची वही दिसली आणि विषय आपोआप ठरला. त्या वहीत काय लिहिले आहे, ते आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. तपेली चार, पैकी एकास पोचा. पराती सहा. घंगाळे दोन, पैकी एकाची कडी निखळलेली. लग्नकार्यासाठी भांडी नेणाऱ्याची सही समोर, आणि परत आणल्यावर मोजून घेणाऱ्याची सही तिच्या खाली. गेली कित्येक वर्षे ही वही चालू आहे, आणि पोचा कोणाच्या घरी पडला यावरून आपल्या समाजात भांडण झाल्याचे मला तरी आठवत नाही.

आता मी आपणांस एकच प्रश्न विचारतो. जो समाज पितळेच्या एका तपेल्याचा पोचा लिहून ठेवतो, तोच समाज आपला राहता वाडा, पेठेतले दुकान किंवा पुण्या-सोलापुरातील सदनिका परक्याच्या हाती देताना वहीचे एक पानही का खर्च करीत नाही? 'माणूस चांगला आहे' एवढ्यावर आपण किल्ली देतो. माणूस चांगला असतोही. परंतु दहा वर्षांनी त्या चांगल्या माणसाची आणि आपली आठवण एकच राहील, याची हमी कोणी द्यावी?

मी हे पांडित्य सांगण्यासाठी बोलत नाही. आमच्याच घरात जे घडले, ते सांगितल्यावाचून माझ्या बोलण्यास अधिकार येणार नाही, म्हणून ते प्रथम सांगतो. चाळीस वर्षे वकिली करून लोकांस कागद करण्याचा उपदेश करणारा मी. आणि दिव्याखालचा अंधार माझ्याच वाड्यात होता.

आमचा वाडा जुन्या धाटणीचा, माळवदाचा. परंडा हे पुढे शहाबादी फरशीच्या आणि सिमेंटच्या घरांचे गाव झाले असले, तरी ज्यांनी माळवदाच्या घरात बालपण काढले आहे, त्यांस त्याची घडण सांगावयास नको. तरुण मंडळींसाठी सांगतो. दगडमातीच्या रुंद भिंती, लाकडी खांब व तुळया, दोन तुळयांमधील अंतर तो एक खण, तुळयांवर किलचण, त्यावर मातीचे थर आणि वर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पसरावयाची पांढरी माती. अशा घराचे आयुष्य त्या वार्षिक मातीवर अवलंबून असते. एक वर्ष हयगय झाली की पाणी झिरपून तुळईच्या टोकाशी पोहोचते, आणि तुळईचे टोक भिंतीच्या पोटात असल्यामुळे ते कुजत आहे हे कोणास दिसत नाही.

या वाड्याचा दर्शनी भाग, म्हणजे ढेलजेच्या उजव्या अंगाचे तीन खण, माझ्या वडिलांनी १९८४ साली एका गृहस्थांस भाड्याने दिले. ते वडिलांचे स्नेही होते. आम्ही त्यांस अण्णा म्हणत असू. कागद म्हणाल तर दोन ओळींची भाडेचिठ्ठी. तीत भाड्याचा आकडा व महिना एवढेच. भिंत, दार, चौकट, माळवद यांचा उल्लेख नाही. पुढे चार वर्षांनी अण्णांनी त्या जागेत पिठाची गिरणी सुरू केली. वडिलांनी हरकत घेतली नाही. उलट आमच्या घरचे दळण तेथेच होऊ लागले. यंत्राचा पाया खणला गेला, मोटर बसली, पट्टा फिरू लागला, आणि दिवसभर भिंती थरथरू लागल्या.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांवर त्या दिवशी काय ओढवले, त्याचे वर्णन येथे करण्याचे कारण नाही. ज्यांची माणसे त्या दगडमातीच्या भिंतींखाली गेली, त्यांच्यापुढे आमच्या वाड्याचे दुःख काहीच नव्हे. परंतु धक्का येथेही बसला. काही दिवसांनी वडिलांच्या ध्यानात आले की गिरणीच्या खणाची पूर्वेकडील भिंत उभी चिरली आहे. ती भूकंपाने चिरली की गिरणीच्या हादऱ्याने, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही. १९९६ साली वडील निवर्तले, १९९८ साली अण्णांनी जागा सोडली, आणि किल्ली हाती घेऊन मी आत पाऊल टाकले, तेव्हा तो तडा माझ्या हाताचा पंजा आत जाईल एवढा रुंद झालेला होता. नक्षीची जुनी चौकटही कापलेली दिसली. यंत्र आत नेण्यासाठी ती कापली असावी असा माझा समज झाला.

मी नुकसानभरपाईचा दावा लावला. वकील असून लावला, हे विशेष! न्यायालयाने स्थानिक पाहणीसाठी कमिशनर नेमला. त्याने येऊन नकाशा काढला, तडा मोजला, चौकट पाहिली. परंतु कमिशनर जे आज आहे ते सांगू शकतो. १९८४ साली काय होते, हे तो कोठून सांगणार? अण्णांचे म्हणणे असे की भिंत पूर्वीपासूनच फुगलेली होती, भूकंपाने ती उघडली, आणि चौकट त्यांनी कापली नसून त्यांच्या आधी कोणी कापली होती. अभियंत्याची साक्ष झाली. त्यानेही प्रामाणिकपणे सांगितले की दोन्ही कारणे संभवतात. जो दावा मांडतो, त्यानेच शाबीत करावयाचे असते. मजजवळ शाबितीस एक ओळही नव्हती. दावा फेटाळला गेला.

त्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात अण्णा माझ्याजवळ आले. मला वाटले, ते विजयाचे काही बोलतील. ते म्हणाले, "तुझ्या वडिलांनी मला कधी कागद मागितला नाही, अन् तू मला भिंत मागतोस?" त्यानंतर आमच्या दोन्ही घरांनी एकमेकांच्या कार्यास जाणे बंद केले. अण्णा खोटे बोलत होते काय? बंधुभगिनींनो, मला आजही ते सांगता येत नाही. भिंत पूर्वी फुगलेली नव्हती, असे मी शपथेवर सांगितले. परंतु १९८४ साली मी परगावी वकिली करीत होतो आणि त्या भिंतीकडे निरखून मी कधीच पाहिले नव्हते. माझ्या मनातील वाडा हा माझ्या लहानपणीचा वाडा होता.

यास्तव यादीचा विचार करताना, ती भाडेकरूविरुद्धचे शस्त्र आहे ही समजूत प्रथम सोडून द्यावी. मी विद्यार्थिदशेत सोलापूरला एका वृद्ध बाईंच्या घरी खोली घेऊन राहिलो होतो. त्यांनी पहिल्या दिवशी वहीच्या पानावर लिहून माझी सही घेतली होती: पलंग एक, त्याचा एक पाय हलता, कंदील एक, दारास कडी, कोयंडा नाही. दोन वर्षांनी खोली सोडताना त्यांच्या चिरंजीवांनी पलंगाचा पाय माझ्या माथी मारला. बाईंनी देव्हाऱ्याखालून ते पान काढले आणि मुलापुढे धरले. माझी अनामत मला परत मिळाली. ते पान घरमालकिणीचे होते, पण त्या दिवशी त्याने भाडेकरूस तारले.

आपल्या परंड्यास तर ही गोष्ट नवीन नसावी. किल्ल्यावर हवालदार, सबनीस व कारखानीस असे अधिकारी परस्परांवर नजर ठेवून असत, आणि कोठारातील जिन्नस कारखानिसाच्या हिशेबी राहात, ही मराठेशाहीतील गडांची रीत होती. गड एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना झाडा दिल्याघेतल्यावाचून कोणाची सुटका नसे. आज विजापूरच्या बुरुजावर दिसणारी मुलूख-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरास ओतली गेली, ती काही काळ आपल्या या किल्ल्यात होती आणि १६३२ साली मुरार जगदेवाने ती विजापुरास नेली. पंचावन्न टनांच्या सुमाराची वस्तूसुद्धा गाव सोडून जाऊ शकते; मग आपल्या न्हाणीतील तांब्याचा बंब कोठे गेला म्हणून आश्चर्य कशाला?

असो. आता कायद्याकडे वळू.

आपल्या भागाचा इतिहास निराळा असल्यामुळे जुन्या कागदांत गोंधळ दिसतो. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. तेव्हाचे किरायानामे अनेकांच्या पेटीत उर्दूत आहेत. पुढे हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे व निष्कासन नियंत्रण कायदा आला, आणि १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेल्यावरही, व १९६० साली महाराष्ट्र झाल्यावरही, तोच आपल्याकडे चालू राहिला. मुंबईस एक कायदा, विदर्भास दुसरा, आपणांस तिसरा, अशी स्थिती चाळीस वर्षांवर होती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्याने हे तिन्ही रद्द केले. आमचा दावा त्या संक्रमणकाळातला होता. परंतु पुराव्याच्या अभावी कोणताही कायदा मला वाचवू शकला नसता.

या अधिनियमाचे ५५ वे कलम प्रत्येक घरमालकाने पाठ करावे अशा योग्यतेचे आहे. भाडेकरार किंवा अनुज्ञप्तीचा, म्हणजे ज्यास सर्वजण लिव्ह अँड लायसन्स म्हणतात त्याचा, करार लेखी व नोंदणीकृतच असला पाहिजे. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. ती त्याने केली नाही, तर ज्या अटींवर जागा घेतली असे भाडेकरू म्हणेल, तेच उलट शाबीत होईपर्यंत खरे धरले जाते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे ज्याने कागद टाळला त्याने आपले तोंडच बंद करून घेतले. तीन महिन्यांची कैद कोणास झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही, परंतु तोंड बंद झालेले घरमालक मी पुष्कळ पाहिले आहेत.

दुसरा आधार जुना आहे: मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, कलम १०८. (शेतजमिनीचे पट्टे या प्रकरणात येत नाहीत, त्यांचा कुळकायदा निराळा आणि त्यावर बोलावयाचे तर उद्या सकाळ होईल.) या कलमाने भाडेकरूवर असे कर्तव्य घातले आहे की, मालमत्ता ताब्यात घेताना ज्या चांगल्या स्थितीत होती, त्याच स्थितीत ती ठेवावी व परत करावी, अपवाद फक्त वाजवी वापराने होणारी झीज आणि अनिवार्य शक्तीने झालेला बदल. भूकंप ही अनिवार्य शक्ती; गिरणीचा हादरा नव्हे. पायरीचा दगड वीस वर्षांत गुळगुळीत झाला तर ती झीज. फरशीवर घण पडून ती फुटली तर ती झीज नव्हे. हे सर्व स्पष्ट आहे. परंतु त्या कलमातील कळीचे शब्द 'ताब्यात घेताना ज्या स्थितीत होती' हे आहेत. ती स्थिती कायदा स्वतः जाणत नाही. ती आपण लिहून ठेविली तरच कलमास पाय फुटतात.

त्याच कलमाचा पहिला भाग घरमालकाचे कान धरणारा आहे. मालमत्तेत जो मोठा दोष मालकास ठाऊक आहे आणि भाडेकरूस साध्या नजरेने दिसण्यासारखा नाही, तो मालकाने सांगितला पाहिजे. आपली मंडळी यादी करताना दोष लिहावयास कचरतात. भाडेकरू पळून जाईल किंवा भाडे कमी करा म्हणेल अशी त्यांस भीती वाटते. मी म्हणतो, दोष आधी लिहा. ज्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे 'उत्तम' असे लिहिलेले असते, तिच्यावर न्यायाधीशाचा विश्वास बसत नाही. आणि ज्या यादीत मालकाने स्वतःच्या घराचे तीन दोष स्वतःच्या हाताने लिहिले आहेत, तिच्यातील 'चांगली' या शब्दासही वजन येते.

यादी कशी करावी? घर रिकामे असताना, दिवसाउजेडी, आणि किल्ली देण्यापूर्वी. सामान आत आल्यावर केलेली यादी ही यादी नव्हे, कारण कपाटामागची भिंत कोणी पाहात नाही. मालक व भाडेकरू दोघांनी हजर असावे आणि दोन साक्षीदार असावेत. त्यांपैकी निदान एक तरी मालकाच्या नात्यातला नसावा. आपल्या समाजात सर्वच नात्यातले असतात, ही अडचण मला मान्य आहे. शेजारच्या आळीतून कोणास तरी बोलवा.

ढेलजेपासून सुरुवात करून परसापर्यंत जावे, मध्ये उडी मारू नये. प्रत्येक खोलीत एकच क्रम ठेवावा: जमीन, चारही भिंती दिशेच्या नावासह, छत किंवा माळवद, दारे, खिडक्या, मग विजेची बटणे व दिवे, नळ, आणि शेवटी मालकाची म्हणून जी वस्तू तेथे राहणार ती. 'भिंत बरी' असे लिहू नये. 'पूर्व भिंतीस जमिनीपासून तीन फुटांवर दोन फूट लांबीचा केसासारखा बारीक तडा' असे लिहावे. हे वाचून आपण हसता आहात. आमच्या वाड्यासंबंधी १९८४ साली ही एक ओळ लिहिलेली असती, तर खरे काय ते मला, अण्णांना आणि न्यायालयाला सारखेच कळले असते. मग दावा मी जिंकलो असतो की हरलो असतो, हा प्रश्न दुय्यम होता.

माळवदाच्या घरात आणखी दोन गोष्टी अवश्य लिहाव्यात. तुळयांची संख्या आणि त्यांपैकी कोणत्या तुळईस वाळवी लागली आहे, ही एक. पांढरी माती दरवर्षी कोणी टाकावयाची व तिचा खर्च कोणी सोसावयाचा, ही दुसरी. नवा अधिनियम १४ व्या कलमात सांगतो की, भाडेकरूशी उलट करार झालेला नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची. म्हणजे काहीच लिहिले नाही तर माती आपल्याच खांद्यावर. जुन्या नक्षीच्या चौकटी, कोरीव खांब, पितळी कड्या यांची मोजणी तर तोळ्यामासाने करावी. कारण पुण्या-मुंबईच्या बाजारात त्यांस आज जी किंमत येते, ती परंड्यातील कित्येक मालकांस ठाऊक नाही आणि भंगारवाल्यास मात्र ठाऊक आहे.

शहरातील सदनिका असेल तर प्रकार निराळा. तेथे भिंतीपेक्षा वस्तूंस महत्त्व येते. पंखा, गीझर, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, इन्व्हर्टर यांची कंपनी, त्यांवरील क्रमांक, विकत घेतल्याचे वर्ष आणि त्या दिवशी ते चालते आहे की नाही, हे लिहावे. वीजमीटरवरील आकडा लिहावा. किल्ल्या किती दिल्या हे लिहावे. हे जवळजवळ सर्वजण विसरतात, आणि कुलूप बदलण्याच्या खर्चावरून कुरबूर होते. मोठ्या वस्तूंपुढे परस्परसंमतीने तिची त्या दिवशीची किंमत लिहावी, म्हणजे अनामतीतून कपात करताना वाद राहात नाही. मात्र ही किंमत वाजवी असावी. सात वर्षांच्या पंख्यापुढे नव्या पंख्याच्या दुप्पट किंमत लिहून ठेवणारे गृहस्थ मला भेटले आहेत. करार अधिनियमाच्या ७४ व्या कलमाप्रमाणे न्यायालय वाजवी भरपाईच देते, करारातील आकडा ही फक्त तिची वरची मर्यादा होय. तेव्हा लोभाने लिहिलेला आकडा केवळ शाईचा व्यय.

यादीच्या प्रत्येक पानावर दोघांची सही घ्यावी, केवळ शेवटच्या पानावर नको. मधले पान बदलले असा आरोप मी स्वतः ऐकला आहे. खाडाखोड झाल्यास तेथे दोघांची छोटी सही. दोन प्रती कराव्यात व एक भाडेकरूच्या हाती त्याच दिवशी द्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे: करार नोंदविताना 'सोबतच्या परिशिष्टात वर्णन केल्याप्रमाणे' असे शब्द करारात घालून ही यादी परिशिष्ट म्हणून जोडावी, म्हणजे ती कराराचाच भाग होते. अनुज्ञप्तीची मुदत संपल्यावर जागेच्या ताब्यासाठी २४ व्या कलमाखाली जी कार्यवाही चालते, तीत लेखी अनुज्ञप्तिकरार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. नोंदणीच्या वेळी यादी तयार नसेल, तर ताबेपावती म्हणून तारखेसह वेगळी करावी. तिचे बळ परिशिष्टाइतके नाही, पण कोऱ्या कागदापेक्षा पुष्कळ आहे.

तरुण मंडळी म्हणतील, "काका, हे सर्व कशाला? मोबाईलवर पाच मिनिटांत चित्रफीत काढतो." अवश्य काढा. घराची चित्रफीत माझ्या शंभर ओळींपेक्षा जास्त सांगते. परंतु न्यायालयात ती दाखल करण्याची एक रीत आहे. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला. मूळ यंत्रच हजर करून त्याचा मालक साक्ष देत असेल तर गोष्ट वेगळी. नकल दाखल करावयाची तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे, असे तेथे ठरले. तो वाद उमेदवारी अर्ज दाखल करतेवेळच्या चित्रफितींचा होता, घरभाड्याचा नव्हे. पण तत्त्व तेच. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला असून त्याच्या ६३ व्या कलमात हे प्रमाणपत्र आहे; त्याचा नमुनाही अधिनियमास जोडला असून एक भाग पक्षकाराने व दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा आहे. म्हणून ज्या मोबाईलवर छायाचित्रे काढली तो दोन वर्षांनी नातवास खेळावयास देऊ नका. आणि त्याहून सोपा उपाय म्हणजे महत्त्वाची छायाचित्रे कागदावर छापून त्यांच्या मागे भाडेकरूची सही घेणे. छायाचित्रावर वाद घालणारे पुष्कळ असतात. आपल्याच सहीवर वाद घालणारे थोडे.

यादी करून ती पेटीत ठेवली की काम संपले असे नाही. भाडेकरूस आगाऊ सूचना देऊन वाजवी वेळी जागा पाहण्याचा अधिकार मालकास आहे. नव्या अधिनियमाचे २८ वे कलम व जुने १०८ वे कलम दोन्ही तेच सांगतात. वर्षातून एकदा, मृगापूर्वी, यादी हाती घेऊन जावे. भाडेकरूच्या चुकीने काही मोडले असेल तर लेखी सूचना द्यावी. ती मिळाल्यापासून तीन महिन्यांत त्याने ते दुरुस्त करून दिले पाहिजे. माझ्या वडिलांनी १९८८ साली, यंत्राचा पाया खणला गेला त्या आठवड्यात, असे एक पोस्टकार्ड अण्णांस टाकले असते तर? परंतु वडील म्हणत, "रोज ज्याच्याकडे दळण टाकायचे, त्याला नोटीस कसली द्यायची?" त्यांच्या म्हणण्यात माणुसकी होती, हे मी नाकारीत नाही.

जागा सोडतेवेळी तीच यादी, तोच क्रम, आणि समोरच्या रिकाम्या रकान्यात त्या दिवशीची स्थिती. हे काम भाडेकरू किल्ली ठेवून गेल्यावर करू नये; दोघे समोरासमोर असताना करावे आणि अनामतीचा हिशेब त्याच बैठकीत मिटवावा. भाडेकरूने स्वखर्चाने बसविलेला पंखा किंवा मांडणी त्याची आहे. जागा पूर्ववत करून तो ती नेऊ शकतो.

एक इशारा मात्र द्यावयास हवा. हातात पक्की यादी आहे, म्हणून काही मालकांच्या अंगात अवसान येते आणि ते पाणी तोडतात, वीज बंद करतात किंवा कुलूप घालतात. २९ व्या कलमाने आवश्यक पुरवठा तोडण्यास मनाई आहे. आणि कायद्याचा मार्ग सोडून ज्यास बाहेर काढले, तो सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या ६ व्या कलमाखाली दावा लावून, घर कोणाचे या प्रश्नात न शिरता, पुन्हा आत येऊ शकतो. यादी ही न्यायालयाच्या दारापर्यंत नेणारी वाट आहे, दार फोडण्याची पहार नव्हे.

भगिनींकडे वळून एक शब्द बोलतो. आपल्या समाजात पुष्कळ घरांत पुरुष नोकरीनिमित्त बाहेर असतात, आणि गावाकडील घर एखादी आई, काकू किंवा वहिनी सांभाळते. भाड्याचे पैसे तिच्या हाती येतात, पण करारावर सही मुलाची, आणि घरात काय होते, काय नव्हते, ते मात्र फक्त तिलाच ठाऊक. बळदाचे झाकण कोणत्या साली बदलले, कोणत्या कोनाड्यास फडताळ होते, आडावरील रहाट चालतो की नाही, हे मला माझ्या वाड्याविषयी सांगता आले नाही. माझ्या आईला सांगता आले असते, पण तिला कोणी विचारले नाही, आणि साक्षीस बोलाविण्याची वेळ आली तेव्हा ती हयात नव्हती. यादी लिहिताना लेखणी कोणाच्याही हाती असो, सांगणारी तीच असावी आणि सहीसुद्धा तिची घ्यावी.

गेल्या वर्षी आम्ही ते तीन खण पुन्हा भाड्याने दिले. एका तरुण शिक्षक दांपत्यास, राहण्यासाठी. भिंत मध्यंतरी आम्ही बांधून घेतली होती, पण जुन्या तड्याची रेघ गिलाव्यातून पुन्हा थोडी डोकावते. यादी करावयास पावणेतीन तास लागले. त्या बाईंनी प्रत्येक खिडकीची कडी स्वतः लावून पाहिली आणि मला न दिसलेले दोन दोष लिहवून घेतले. पूर्वेच्या भिंतीपाशी आल्यावर त्यांनी विचारले, "हा तडा कशाने पडला म्हणून लिहायचे?" मी थोडा वेळ थांबलो आणि त्यांच्याच हातून लिहवून घेतले: 'पूर्व भिंत, उभा तडा, लांबी सात फूट, गिलाव्याखाली, पूर्वीचा, कारण अज्ञात.' त्या ओळीपुढे आम्ही तिघांनी सही केली.